समान निकष आणि स्थानिक स्वातंत्र्य : राष्ट्रीय सेवा योजनेच्या संदर्भात

विद्यार्थी संघटना विस्तारते तसा समान निकष व स्थानिक स्वातंत्र्य यांतील ताण वाढतो. जागतिक स्काउट चळवळीने वचनाचा गाभा एक ठेवून गणवेशासारख्या बाबी देशोदेशींच्या संघटनांवर सोपविल्या. १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची भिस्त मात्र तासांवर आहे : वर्षाला १२०, दोन वर्षांत २४० आणि सात दिवसांचे विशेष शिबिर.

शिरूर व दौंड हे शेजारी तालुके एकाच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. परंतु त्यांच्या गरजा एक नाहीत. दौंडच्या भीमाकाठी ऊस आहे. हिवाळी शिबिर गाळप हंगामात येत असल्याने ऊसतोड मजुरांच्या मुलांना शिकविण्याचे काम तेथे नेमके साधते. शिरूरच्या पाबळकडील कोरडवाहू भागात बांधबंदिस्ती व्हावयास हवी ती पावसाळ्यापूर्वी, म्हणजे ऐन परीक्षांच्या दिवसांत. मग हिवाळ्यात ग्रामस्वच्छता उरते. (ती वाईट नव्हे, सोयीची मात्र निश्चित आहे.) नोंदवहीत दोन्हीकडे तास सारखेच भरतात.

योजनेने दत्तक गावातील काम निवडण्याची मुभा नाकारलेली नाही, हे मान्य करावयास हवे. दोष मूल्यमापनात आहे. हजेरी, हिशेब व स्वयंसेवकांची सुरक्षितता यांत सवलत नकोच. परंतु शिबिराचा काळ आणि कामाची उपयुक्तता गावानिशी तपासली पाहिजे. त्यासाठी प्रथम परीक्षांच्या वेळापत्रकातच जागा करावी लागेल, आणि ते वेळापत्रक पुण्यात ठरते.