जकात, शुल्क आणि टॅरिफ : व्यापारविषयक मराठी परिभाषेची चिकित्सा

2025 च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेने अनेक भारतीय वस्तूंवरील अतिरिक्त आयातशुल्क दोन टप्प्यांत 50 टक्क्यांवर नेले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांतून 'भारतावर टॅरिफ' हा शब्दप्रयोग सर्रास रूढ झाला. व्याकरणदृष्ट्या तो निर्दोष आहे. अर्थदृष्ट्या मात्र दिशाभूल करणारा आहे. असे शुल्क भारत सरकार भरत नाही आणि भारतीय निर्यातदारही भरत नाही. माल अमेरिकेच्या बंदरात उतरल्यावर तेथील आयातदार ते आपल्याच देशाच्या तिजोरीत भरतो. त्यानंतर हा भार त्याने स्वतः सोसला, तेथील ग्राहकावर ढकलला की सोलापूरच्या टॉवेल उत्पादकाकडून भाव पाडून वसूल केला, हा खरा अभ्यासाचा प्रश्न. 'भारतावर कर' या दोन शब्दांनी तो प्रश्नच झाकला जातो. परिभाषेची ढिलाई ही केवळ शैलीची बाब नसते, हे दाखविण्यास एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

'टॅरिफ' हा शब्द मुळात अरबी 'तारीफ'. माहिती करून देणे, व्याख्या करणे हा त्याचा मूळ अर्थ. भूमध्य समुद्रावरील व्यापाऱ्यांच्या तोंडून तो इटालियनमध्ये आणि पुढे इंग्रजीत गेला व दरांची जाहीर यादी असा अर्थ त्यास प्राप्त झाला. तोच शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि स्तुतिवाचक झाला. म्हणजे मराठी भाषक ज्याची तारीफ करतो व ज्या टॅरिफची तक्रार करतो, ते दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत! यादी हा अर्थ वीजबिलाच्या संदर्भात आजही टिकून आहे. वीजदरांच्या तक्त्यास टॅरिफ म्हटले जाते ते योग्यच. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी मात्र 'प्रशुल्क' हा शब्द घडविला. 'शुल्क' या अर्थवाही शब्दास 'प्र' जोडून नेमके काय साधले, हे सांगणे कठीण आहे. 'दरसूची' हा साधा शब्द मूळ अर्थाच्या अधिक जवळ जातो.

वास्तविक या क्षेत्रात भारतीय भाषांना शब्दांचे दारिद्र्य कधीच नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. तेथे बाहेर जाणाऱ्या मालावरील शुल्क 'निष्क्राम्य' आणि आत येणाऱ्या मालावरील 'प्रवेश्य' म्हटले असून, प्रवेश्य मालावर मूल्याच्या पाचव्या भागाइतका सर्वसाधारण दर सांगितला आहे. परदेशी मालाच्या संदर्भात तेथे येणारा 'आतिथ्य' हा शब्द तर विशेष लक्षणीय म्हणावा लागेल. परका माल हा पाहुणा, आणि त्याच्या आगतस्वागताची किंमत पाहुण्याकडूनच वसूल करावयाची!

मराठी राज्यकारभारातील शब्दांचे स्वरूप याहून वेगळे, अधिक व्यवहारी आहे. पेशवेकालीन महसुलात जकातीचे 'थळभरीत' आणि 'थळमोड' असे पोटभेद आढळतात. माल जेथे भरला तेथे घेतली जाणारी ती थळभरीत, व जेथे विकला तेथे घेतली जाणारी ती थळमोड. कर कोठे आणि व्यवहाराच्या कोणत्या क्षणी पडतो, हे शब्द उच्चारताच कळते. स्वतंत्र व्याख्येची गरज उरत नाही. आधुनिक परिभाषेने गमावलेला गुण नेमका हाच आहे. शिवराज्याभिषेकानंतर सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देताना शेवटी व्यापारासाठी 'पण्यवर्ग' हा स्वतंत्र वर्ग योजला आहे. तो प्रयत्न राजकीयदृष्ट्या मोठाच. तथापि नाक्यावरची 'जकात' त्यानेही हलली नाही, पुढील शतकाचे दप्तर याची साक्ष देते. शब्द टिकतात ते राजाज्ञेने कमी आणि वहिवाटीने अधिक.

1671 मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदारास मिठाच्या जकातीविषयी पाठविलेले पत्र या संदर्भात आवर्जून अभ्यासावे असे आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडत असल्याने व्यापारी तिकडे वळतील आणि स्वराज्यातील मिठागरे बसतील, ही त्यामागील चिंता. उपाय म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, जेणेकरून ते संगमेश्वराकडील मिठापेक्षा महाग पडेल, असा आदेश दिला आहे. पाठ्यपुस्तके ज्यास 'संरक्षक जकात' म्हणतात, तिचे सारे तर्कशास्त्र येथे आहे : दोन किमतींतील अंतर, व्यापाऱ्याचे संभाव्य वर्तन, आणि तिजोरीतील भरण्याऐवजी उत्पादकाचे रक्षण हा हेतू. 'संरक्षण' हा शब्द न वापरताही संकल्पना पूर्णपणे स्पष्ट होते. वाणिज्याच्या वर्गात हे पत्र क्वचितच शिकविले जाते. ते इतिहास विभागाचे मानले जाते, हे दुर्दैव.

याच्या नेमकी उलट दिशा कांद्याच्या प्रकरणात दिसते. केंद्र सरकारने ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावले. ऑक्टोबरमध्ये टनाला 800 डॉलर हे किमान निर्यात मूल्य ठरविले, तर डिसेंबरमध्ये निर्यात बंदच केली. मे 2024 मध्ये बंदी उठली, ती 550 डॉलरचे किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क यांसह. सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्याची अट गेली व शुल्क 20 टक्क्यांवर आले; 1 एप्रिल 2025 पासून तेही रद्द झाले. या साऱ्या काळात लासलगावपासून मंत्रालयापर्यंतच्या चर्चेत 'निर्यातबंदी' हा एकच शब्द तिन्ही उपायांसाठी सैलपणे वापरला गेला. वस्तुतः शुल्क असते तेव्हा माल जातो व सरकारला उत्पन्न मिळते. किमान मूल्य असते तेव्हा त्यापेक्षा कमी भावाचा सौदा अडतो, परंतु तिजोरीत एक पैसाही पडत नाही. बंदीत मालच थांबतो. शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव तिन्ही प्रसंगी उतरू शकतो, म्हणून त्याच्या दृष्टीने हे तिन्ही एकच, हे समजण्यासारखे आहे. अभ्यासकाने आणि संपादकाने तीच सवलत घेणे मात्र समर्थनीय नाही. मागणी 'बंदी उठवा' अशी असेल आणि शुल्क कायम राहणार असेल, तर मागणी मान्य होऊनही पदरात काही पडत नाही. मे 2024 मध्ये घडले ते बहुतांशी हेच.

विद्यापीठीय परिभाषेची अडचण आणखी निराळी. 'डंपिंग'साठी 'अवपुंजन', 'राशिपातन' असे शब्द पाठ्यपुस्तकांतून आढळतात. विद्यार्थी ते उत्तरपत्रिकेत लिहितो आणि बाहेर आल्यावर डंपिंगच म्हणतो. परकी बाजारपेठ काबीज करण्यासाठी घरच्या भावापेक्षा स्वस्त विकणे, हा आशय या दोन्ही शब्दांत नाही. ढीग घालणे एवढाच आहे. (इंग्रजी शब्दातही तो नाही, हे मान्य केले पाहिजे.) याउलट 'ड्यूटी ड्रॉबॅक'साठीचा 'शुल्कपरतावा' हा शब्द चपखल आहे, कारण भरलेले शुल्क परत मिळते ही क्रियाच त्यात दिसते. न्हावा शेव्याच्या कार्यालयांत तरीही 'ड्रॉबॅक'च चालतो, हा दोष शब्दाचा नाही.

राहता राहिली 'जकात'. 1947 च्या गॅट कराराचे 'व्यापार व जकातीविषयक सर्वसाधारण करार' असे मराठी नाव अभ्यासक्रमात दीर्घकाळ चालले. त्याच काळात महाराष्ट्रातील विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे जकात म्हणजे शहराच्या वेशीवर थांबलेल्या ट्रकच्या रांगा आणि नाक्यावरचा नगरपालिकेचा कर्मचारी. दोन देशांमधील कराराला तोच शब्द कसा, हा त्याचा संभ्रम रास्त होता. 2010 नंतर अनेक महानगरपालिकांत जकातीची जागा स्थानिक संस्था कराने घेतली आणि 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच मुंबईतील जकातही संपली. नाके ओस पडले. काही ठिकाणी बसथांब्याला तेवढे नाव उरले. आता महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला नाक्यावरची जकात फारशी आठवत नाही. एकाच शब्दाच्या दोन अर्थांपैकी एक असा कायद्यानेच मोकळा झाला असताना, अभ्यासमंडळांनी तो शब्द टाकून 'प्रशुल्क' स्वीकारण्याची घाई चालविली आहे.