वेदना आणि कंबरदुखी

'वेदना, विद्रोह, नकार' ही त्रयी दलित साहित्याच्या समीक्षेत इतकी रुळली आहे की, त्यातली वेदना शरीरात नेमकी कुठे होते हे विचारायचे राहूनच गेले. ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) वाचताना मला हा प्रश्न पडतो. वडिलांच्या मृत्यूनंतर आई बांबूची आयदाने विणून संसार चालवते आणि तिच्या विणण्याशी लेखिका आपल्या लिहिण्याचे नाते जोडते. समीक्षेला यातले प्रतीक भावले. पण तासन्‌तास जमिनीवर बसून वाकते ती आईची पाठ, प्रतीकाची नव्हे.

आमच्या बुरोंडीत शिवणयंत्रावर बसणाऱ्या बायांना दुखण्याविषयी विचारा. उत्तर येते, "बसून तर काम, त्यात काय दुखायचं?" बसून केलेले काम सुखाचे, हा समज कष्टकऱ्यांच्याही मनात रुजला आहे. प्रत्यक्षात सुई दिसावी म्हणून मान खाली, कापड सरकवायला दोन्ही हात उचललेले, पाय पायडलवर आणि स्टुलाला पाठ टेकायला काही नाही. एकाच ताणात धरलेल्या स्नायूंना रक्त पुरेसे मिळत नाही. मान, खांदे, कंबर भरून येतात. मजुरी नगावर असेल तर उठून पाठ मोकळी करणे म्हणजे मजुरी बुडवणे.

हे ज्ञान नवे नाही. इटलीतील वैद्य रामाझ्झिनी याने १७०० सालीच शिंप्यांच्या वाकलेल्या पाठीविषयी लिहिले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० च्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत स्नायू व सांध्यांचे विकार आहेत. आपल्याकडे मात्र विजेवर चालणारी जागा 'कारखाना' ठरायला १९४८ च्या कायद्यात १० कामगार लागत. २०२० च्या संहितेने ते २० केले. घरात एकटी शिवणारी दोन्हींच्या बाहेरच.

म्हणून माझे म्हणणे असे की, अपमानाची वेदना मोठी आणि कमरेची किरकोळ, अशी उतरंड निदान आपल्या समीक्षेने तरी लावू नये. दुखणे नशिबाचे किंवा वयाचे मानले की नकार कशाला द्यायचा हेच कळत नाही. ते स्टुलातून, टेबलाच्या उंचीतून, नगाच्या दरातून येते हे कळले की नकाराला जागा सापडते. नव्या लेखकांनी हा दर आणि ही उंची लिहावी. समीक्षकांनी तो निव्वळ तपशील म्हणून ओलांडून जाऊ नये.