एक तास काढून घेतला, तीन तास कोण देणार?

गेल्या पर्युषणात आमच्या मंडळानं मुलांसाठी ‘जुन्या खेळांची दुपार’ ठेवली होती. लगोरी, भोवरे, सागरगोटे सगळं हौसेनं मांडलं. माझा साडेचार वर्षांचा नातू सागरगोटे हातात घेऊन म्हणाला, “आजी, याचं काय करायचं?” मी म्हटलं, “थांब रे, आधी फोटो काढू दे.” फोटो झाला, ग्रुपवर गेला. त्याला सागरगोटे शिकवायचे मात्र राहूनच गेले. पंधरा-वीस मिनिटांत मुलं कंटाळली आणि आयांच्या पर्समधले मोबाईल बाहेर आले.

घरी येताना मी सुनेवरच घसरले, “तूच सवय लावलीस!” आज ते आठवलं की लाज वाटते.

आपल्याकडे या विषयावर बोलताना दोन चुका होतात. पहिली म्हणजे सगळा दोष आईच्या माथी मारायचा. सकाळचा डबा, नोकरी, आल्यावर स्वयंपाक, यात ती दहा मिनिटं मोबाईल देते, कारण तिच्या हाताखाली दुसरं कुणी नसतं. आपण सासवा तेव्हा काय करत असतो? प्रवचन असो की मालिका, आपणही स्क्रीनलाच चिकटलेल्या!

दुसरी चूक म्हणजे जुने खेळ औषधाच्या गोळीसारखे द्यायचे. मोबाईल हिसकावला, हातात भोवरा दिला, झालं! अहो, खेळ वस्तूत नसतो. त्याला सवंगडी लागतात, जागा लागते आणि शिकवणारं मोठं माणूस लागतं.

आपल्या बडोद्याला हे सांगायला नको. इथल्या हिंदविजय जिमखान्यानं 1923 साली हुतूतूचे नियम छापले. पुढे इथूनच आबासाहेब मुजुमदारांच्या संपादनाखाली दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश निघाला. त्याचा 1936 सालचा पहिला खंड खेळांचाच. पण तेव्हा खेळ गल्लीत होते, म्हणून पुस्तकाला अर्थ होता. आज पुस्तक कपाटात आणि पोळीत स्कूटरी. नव्या सोसायटीत जावं तर पार्किंगमध्ये ‘येथे खेळू नये’ची पाटी. मूल जाणार कुठे?

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्या. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तितकं बरं. हा आकडा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच सूचनांत दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल, धावपळ हवी असंही आहे. ते कुणी सांगत नाही, कारण ते आपल्यावर येतं. एक तासाच्या वरचा मोबाईल काढून घ्यायला एक ओरडा पुरतो. तीन तास द्यायचे तर माणूस लागतो.

आपल्याकडे पर्युषणात ज्ञानबाजी खेळायची रीत होती. सापशिडीचाच जुना पट, जैन पटात बहुधा 84 घरं. सद्गुणानं वर, दुर्गुणानं खाली. सापशिडी आज मोबाईलवरही आहेच. मग फरक काय? मोबाईलवर साप गिळला की मूल बोटानं नवा डाव मांडतं. पटावर मात्र ते रुसतं, कुणी हसतं, कुणी समजूत घालतं, आणि दुसऱ्याची पाळी संपेपर्यंत थांबावंच लागतं. हे थांबणं शिकवायला समोर माणूसच हवं.

मी काही मोबाईल घरातून हद्दपार करा म्हणत नाही. आमच्याकडेही जेवण झाल्यावर अर्धा तास गोष्टी लागतात, पण मी शेजारी बसून बघते. मात्र संध्याकाळची 48 मिनिटं त्याची. सामायिकामुळे ते मोजमाप माझ्या अंगवळणी पडलंय. ते सामायिक नव्हे, हे मला कळतं. पण तेवढा वेळ माझा फोन स्वयंपाकघरात असतो. कधी कमाटीबागेत पळापळ, कधी गच्चीवर लंगडी. शेजारची दोन गुजराती मुलंही येतात. ती सागरगोट्यांना पांचीका म्हणतात.

नातवाला अजून एकसुद्धा गोटा झेलता येत नाही. माझेही दोन सुटतात, तेव्हा तो खदखदून हसतो. मैत्रिणींनो, पुढच्या पर्युषणात तशी दुपार ठेवू या जरूर. फक्त दारातच एक टोपली ठेवा, आणि आधी आपले मोबाईल त्यात टाका.