फीत टिकते, पण वाचणार कोण?

संगणकातील माहितीची जादा प्रत ठेवण्यासाठी ज्या चुंबकीय फिती वापरतात, त्यांच्याबद्दल उत्पादक एक गोष्ट आवर्जून सांगतात: नीट जपली तर फीत ३० वर्षे टिकते. विधान खोटे नाही, पण अर्धेच आहे. उरलेले अर्धे आम्हाला पदरमोड करून शिकावे लागले. आमच्याकडे जुनी मोजमापे एलटीओ-५ जातीच्या फितींवर होती. यंत्र बिघडले म्हणून नवे एलटीओ-८ यंत्र घेतले. फीत आत गेली आणि तशीच बाहेर आली. फीत शाबूत, माहितीही शाबूत. नव्या यंत्राला मात्र ती वाचताच येईना.

एलटीओ ही पद्धत आयबीएम, एचपी आणि सीगेट यांनी मिळून २००० साली बाजारात आणली. एका कंपनीची फीत दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात चालते, हा तिचा मोठा गुण, आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पिढ्यांचा नियमही सुटसुटीत होता. यंत्र मागच्या दोन पिढ्यांच्या फिती वाचेल आणि मागच्या एका पिढीच्या फितीवर लिहीलसुद्धा. (नवी फीत जुन्या यंत्रात अर्थातच कधी चालली नाही.) २०१७ साली आलेल्या एलटीओ-८ ने हा नियम सोडला, वाचन असो वा लेखन, एकच पिढी मागे. २०२५ मधील एलटीओ-१० तर मागची एकही पिढी ओळखत नाही.

असे का होते, हे वर्गात फळ्यावर गणित करून दाखवता येईल. फितीची रुंदी पहिल्यापासून तीच, सुमारे १२.६५ मिलिमीटर. एलटीओ-१ मध्ये या रुंदीत माहितीच्या ३८४ रेघा मावत. एलटीओ-८ मध्ये ६६५६ मावतात. भागाकार केला, तर ढोबळमानाने एका रेघेच्या वाट्याला पूर्वी ३३ मायक्रॉन येत, आता २ मायक्रॉनसुद्धा येत नाहीत. फितीवरचा चुंबकीय पदार्थ बदलला, एलटीओ-८ मध्ये वाचणाऱ्या हेडचे तंत्रही बदलले. जुनी फीत नव्या हेडला जड जाणार, हे भौतिकशास्त्राला धरूनच आहे. आमची तक्रार त्याबद्दल नाही.

तक्रार आहे ती सवलत म्हणून पुढे केलेल्या गोष्टींबद्दल. एलटीओ-७ ची फीत एलटीओ-८ यंत्रात घातली तर तिच्यावर १२ नव्हे, ६ टेराबाइटच मावतात. मात्र फीत कोरी असेल तर ‘एम-८’ नावाच्या प्रकाराने तिच्यावर ९ टेराबाइट लिहिता येतात. काटकसरी माणसाला हे आवडणारच. पण अशी फीत पुढे एलटीओ-७ यंत्र वाचत नाही आणि एलटीओ-९ देखील वाचत नाही. ती कायमची एकाच पिढीच्या यंत्राला बांधली जाते. याला आम्ही सवलत म्हणणार नाही.

पुनर्वापराच्या हौसेपायी एक चूक आमच्या हातूनही झाली. गाण्यांच्या कॅसेटी मोठ्या चुंबकाने पुसून पुन्हा भरण्याची जुनी सवय होती. त्याच पद्धतीने एका सहकाऱ्याने दोन फिती ‘स्वच्छ’ केल्या. हेड रेघेवर राहावे म्हणून कारखान्यातच फितीवर काही खुणा लिहिलेल्या असतात. माहितीबरोबर त्याही पुसल्या गेल्या. वापरणाऱ्याचे यंत्र त्या पुन्हा लिहू शकत नाही, त्यामुळे दोन्ही फिती बाद झाल्या.

आता ३० वर्षांचा हिशेब पाहा. २०१० च्या एलटीओ-५ ची फीत वाचणारी शेवटची पिढी २०१५ ची एलटीओ-७. २०१७ च्या एलटीओ-८ ची फीत वाचणारी शेवटची पिढी २०२१ ची एलटीओ-९. म्हणजे दोन्हींच्या वाट्याला नव्या यंत्रांची जेमतेम चार-पाच वर्षेच आली. जाहिरातीत फितीच्या आयुष्याशेजारी हा आकडाही छापायला काय हरकत होती?

आम्ही शेवटी वापरलेले एक एलटीओ-७ यंत्र शोधून आणले आणि सगळी मोजमापे नव्या फितींवर उतरवून घेतली. फिती पहिल्याच फेरीत वाचल्या गेल्या. ते यंत्र अजून कपाटात आहे. भंगारवाल्याने दोनदा विचारले, दिलेले नाही.