तंत्र, संहिता आणि उसने हसू

अमेरिकेतील ‘एमी’ या दूरचित्रवाणी-पुरस्काराचे नाव मुळी ‘इमेज ऑर्थिकॉन’ या कॅमेरा-नलिकेच्या ‘इमी’ या लघुरूपावरून आले. त्याची मूर्तीही लुई मॅकमॅनस या अभियंत्याने कल्पिली. असे असूनही संकलन, ध्वनी, छायालेखन यांचे बहुतेक एमी मुख्य सोहळ्यात दिले जात नाहीत. ‘क्रिएटिव्ह आर्ट्स’ या वेगळ्या समारंभात ते आधीच उरकले जातात. ही केवळ वेळेची सोय नव्हे. आशय लेखक-नटांचा आणि तंत्र हे त्याचे निव्वळ वाहन, हे आपल्याही समीक्षेला परिचित असलेले द्वैत तिच्यामागे आहे.

चार्ल्स डग्लस यांचे काम या द्वैतात बसत नाही. १९५०च्या दशकात त्यांनी ध्वनिमुद्रित हास्याचे यंत्र तयार केले. कळ दाबावी आणि हवे तसे हसू उमटावे. विनोदाला कोठे, किती दाद मिळावी हे लेखकाने नव्हे, कळपट्टीवरच्या बोटांनी ठरविले. संहितेला अभिप्रेत असलेला प्रेक्षक असा संहितेतच ऐकू येऊ लागला. १९९२ मध्ये डग्लस यांना जीवनगौरव एमी मिळाला, तो तांत्रिक कामगिरीबद्दल. वस्तुतः ते सहलेखन होते. पुष्कळदा वाईट सहलेखन, हा मुद्दा वेगळा.