कंसातला भूकंप : रेडच्या मूळ पेपरबद्दल थोडंसं

बोईसरच्या एमआयडीसीत सर्व्हर घ्यायला गेलात की हमखास ऐकू येतं, "साहेब, रेड आहे, कंट्रोलर पण दोन आहेत. एक गेला तरी काम थांबणार नाही." या भरवशाचं मूळ १९८८ च्या एका पेपरात आहे. लेखक बर्कलीचे डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ. आज तो जरा टीकाकाराच्या नजरेने वाचू.

पेपरातलं गणित सुंदर आहे. एक डिस्क बिघडेपर्यंतचा सरासरी काळ ३०,००० तास धरला, तर १०० डिस्कपैकी कुठलीतरी एक जायला सरासरी ३०० तास पुरतात, म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाहीत. आता दर दहा डिस्कमागे एक पॅरिटीची जादा डिस्क ठेवा. डेटा जाण्यासाठी आता त्याच गटातली दुसरी डिस्क पहिलीच्या दुरुस्तीदरम्यानच जायला हवी. उत्तर येतं सुमारे ८,२०,००० तास, म्हणजे नव्वदहून जास्त वर्षं! फक्त दहा टक्के जादा डिस्कमध्ये.

पण हे उत्तर दोन गृहीतकांवर उभं आहे.

पहिलं, दुरुस्तीला एक तास. नवी डिस्क मुंबईहून मागवायची, बसवायची आणि त्यावर डेटा पुन्हा उभा करायचा, यात एक दिवस सहज जातो. सूत्रात १ च्या जागी २४ घालून बघा. नव्वद वर्षांची जेमतेम चार होतात. बाकी काहीही न बदलता.

दुसरं जास्त गंभीर आहे. डिस्क एकमेकींपासून स्वतंत्रपणे बिघडतात, असं पेपर धरतो. भूकंप किंवा विजेचा झटका आला तर तसं होणार नाही, हे लेखक मान्य करतात, पण कंसात, एका वाक्यात. आपल्या जिल्ह्यात हे वाक्य कंसात ठेवून चालेल का? डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. आणि विजेच्या झटक्यांबद्दल पालघरकरांना मी काय सांगायचं!

बरं, भूकंप लागतोच असंही नाही. २००७ मध्ये बियांका श्रोडर आणि त्याच गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. डिस्क बदलण्याच्या घटना एकमेकींपासून स्वतंत्र दिसल्या नाहीत. २०१९ मध्ये एचपीईने जाहीर केलं की फर्मवेअरमधल्या चुकीमुळे त्यांच्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील. एकाच दिवशी चालू केलेल्या अशा डिस्क एकाच दिवशी जाणार. मग पॅरिटी काय करणार?

कंट्रोलर तर या सूत्रात नाहीच. (पुढच्या वर्षी त्याच गटाने वीजपुरवठा, पंखे, केबल यांचा हिशेब वेगळा मांडला, हे सांगायला हवं.) २००८ मध्ये नेटअ‍ॅपच्या सुमारे ३९,००० यंत्रणांचा अभ्यास झाला. त्यात डिस्कइतकाच जोडणीच्या भागांचा दोष मोठा निघाला, आणि दोन स्वतंत्र जोडमार्ग असलेल्या यंत्रणांत बिघाड ३० ते ४० टक्के कमी होते. म्हणजे दुसरा कंट्रोलर उपयोगी आहेच. पण दोन्ही कंट्रोलर एकाच पेटीत, एकाच बॅकप्लेनवर, एकाच फर्मवेअरवर चालत असतील, तर "दोन" या आकड्याची किंमत उतरते. दोघांभोवती हवाही तीच, आणि रासायनिक कारखान्यांजवळची हवा सर्किटवरचं तांबं आणि चांदी खाते.

याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्या बंद करायला दोन वेगळ्या पद्धती आहेत. एक न्यूट्रॉन शोषणाऱ्या कांड्या आत सोडते, दुसरी मॉडरेटरच्या जड पाण्यात गॅडोलिनियमचं द्रावण घुसवते. एकीला जे कारण बिघडवेल ते दुसरीला बिघडवू नये, हा त्यामागचा विचार. तो न पाळल्याची किंमत ३१ मार्च १९९३ ला नरोरा केंद्रात दिसली. टर्बाइनजवळ आग लागली, मुख्य आणि पर्यायी पुरवठ्याच्या केबल एकत्रच असल्याने दोन्ही गेल्या, आणि केंद्र सुमारे १७ तास विजेविना राहिलं.

माझं मत विचाराल तर १९८८ चा पेपर आजही वाचण्यासारखा आहे. त्याने गृहीतकं लपवली नाहीत. आपण मात्र नव्वद वर्षं लक्षात ठेवली आणि कंस विसरलो. म्हणून विक्रेत्याला "किती कंट्रोलर?" एवढंच विचारून थांबू नका. दोन्ही एकाच यूपीएसवर आहेत का, फर्मवेअर एकाच वेळी बदलता का, डिस्क एकाच बॅचच्या आहेत का, जादा डिस्क जागेवर ठेवलेली आहे का, हेही विचारा. आणि डेटाची एक प्रत त्या इमारतीबाहेर ठेवाच, कारण चुकून पुसलेली फाइल रेड दोन्ही डिस्कवरून तितक्याच इमानदारीने पुसतो.