मोगल कलेतील मध्य आशियाई वारसा
भारतातील मोगल बादशहांच्या आश्रयाने सोळाव्या ते अठराव्या शतकांत विकसित झालेल्या वास्तुकला, उद्यानकला व चित्रकला यांच्या मुळाशी असलेली तैमूरी परंपरा. मोगल कलेचे वर्णन सामान्यतः ‘इराणी व भारतीय शैलींचा संगम’ असे केले जाते. ते चुकीचे नसले, तरी अपुरे आहे. मोगल घराण्याचा संस्थापक बाबर (१४८३–१५३०) हा फरगाणा खोऱ्यातील अंदिजानचा. पितृकुलाकडून तैमूरचा व मातृकुलाकडून चंगीझखानाचा वंशज. समरकंद त्याने तीनदा जिंकले (१४९७, १५००, १५११) व तिन्ही वेळा गमावले. समरकंद व हेरात येथील कलाजीवन हाच त्याचा व त्याच्या वारसांचा आदर्श राहिला. या नगरांची वाङ्मयीन भाषा प्रामुख्याने फार्सी असल्याने तेथील कलेलाही सरसकट ‘इराणी’ म्हटले गेले आणि तिचे तैमूरी स्वरूप झाकले गेले.

वास्तुकला : समरकंद येथील गूर-इ-अमीर या तैमूरच्या कबरीचे (पंधराव्या शतकाचा आरंभ) वैशिष्ट्य म्हणजे उंच वर्तुळाकार गळ्यावरील दुहेरी घुमट. बाहेरच्या घुमटामुळे वास्तूला भव्यता येते, तर आतील घुमटामुळे दालनाची उंची प्रमाणात राहते. हेच तत्त्व दिल्ली येथील हुमायूनच्या कबरीत (सु. १५६२–७१) दिसते. तिचा वास्तुशिल्पी मीरक मिर्झा घियास हा मध्य आशियाई परंपरेत तयार झालेला होता. मध्यवर्ती दालन व त्याभोवतीची आठ दालने हा ‘हश्त-बिहिश्त’ (आठ स्वर्ग) नावाचा वास्तुकल्प आणि चौकटीत बसविलेली उंच कमानदार प्रवेशद्वारे हीदेखील तैमूरी वास्तूंची देणगी होय. साहित्य मात्र बदलले. समरकंदच्या वास्तू विटांच्या असून त्यांच्या भिंती झिलईदार रंगीत फरश्यांनी मढविलेल्या आहेत. तेथे रंग हे भिंतीचे आच्छादन आहे. दिल्लीत तांबडा वालुकाश्म व पांढरा संगमरवर यांच्या मांडणीतून रंग साधला आहे. त्यामुळे अलंकरण वास्तूच्या रचनारेषांना अनुसरते. घुमटाभोवतीच्या छत्र्या तर पूर्णतः भारतीय आहेत. ताजमहालात (बांधकामास प्रारंभ १६३२) या बदलाची परिणती दिसते.

तथापि प्रत्येक मोगल वास्तूत तैमूरी मूळ शोधणे योग्य नव्हे. फतेपुर सीक्री येथील बुलंद दरवाजाची कमान मध्य आशियाई परंपरेतील आहे. पण तेथील महालांची खांब-तुळयांची रचना व छज्जे यांचा संबंध गुजरात, राजस्थान व माळवा येथील बांधणीशी पोहोचतो. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यात (सु. १६६०) घुमट, मीनार व चारबाग ही सर्व अंगे आहेत, परंतु संगमरवराचा वापर मर्यादित असून उंचीच्या मानाने रुंदी आखडल्याने ताजमहालाचा समतोल तेथे साधलेला नाही.

उद्यानकला : तैमूरने समरकंदभोवती उभारलेल्या बागांचे वर्णन क्लाव्हिहो या स्पॅनिश वकिलाने केले आहे (१४०४). काटकोनात छेदणाऱ्या कालव्यांनी चार भाग पाडलेला ‘चारबाग’ बाबरने काबूलमार्गे भारतात आणला. हिंदुस्थानात वाहत्या पाण्याचा अभाव असल्याची तक्रार त्याने आत्मचरित्रात केली आहे. डोंगरउतारावरून आपोआप येणारे पाणी आग्र्याच्या सपाट भूमीत रहाटांनी उपसावे लागले. या अडचणीतूनच उंच पाणटाक्या, खापरी नळ व कारंजी यांची व्यवस्था विकसित झाली. काश्मीरमधील शालिमार (१६१९) व निशात या बागांत मूळची डोंगराळ परिस्थिती पुन्हा लाभली आणि पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी उद्यानरचना पूर्णत्वास गेली. हुमायूनची कबर चारबागेच्या मध्यभागी आहे. ताजमहाल मात्र बागेच्या टोकाला, यमुनेच्या काठावर उभा आहे. आग्र्याच्या नदीकाठच्या बागांतून सिद्ध झालेली ही स्वतंत्र रचना होय.

चित्रकला : हेरातचा श्रेष्ठ चित्रकार बिहजाद हा मोगल चित्रकारांचा आदर्श होता, पण त्याला दाढी नसलेले चेहरे नीट साधत नाहीत, असा अभिप्राय बाबरने नोंदविला आहे. मीर सय्यद अली व अब्दुस्समद हे हुमायूनने आणलेले चित्रकार तब्रीझच्या सफावी शैलीत तयार झालेले होते. परंतु त्या शैलीतही हेरातचा वारसा मिसळलेला होता. अकबराच्या कारकीर्दीत कापडावर रंगविलेल्या हम्झानाम्याच्या सु. १,४०० चित्रांत दसवंत, बसावन यांसारख्या भारतीय कलावंतांच्या पिढीची जडणघडण झाली. ब्रिटिश म्यूझीयममधील ‘तैमूर घराण्यातील राजपुरुष’ हे कापडावरील चित्र (सु. १५५०–५५) या संदर्भात बोलके आहे. उद्यानमंडपात बसलेल्या पूर्वजांच्या या मूळ चित्रात जहांगीराच्या काळी अकबर, जहांगीर व खुर्रम यांच्या आकृती घालण्यात आल्या. मूळच्या ठरावीक धाटणीच्या चेहऱ्यांशेजारी हे व्यक्तिविशिष्ट चेहरे उठून दिसतात. वंशाचा अभिमान कायम आहे, दृष्टी मात्र पालटली आहे.

मूल्यमापन : मोगल वास्तुकलेचे श्रेय परकीय प्रभावाला द्यावे की भारतीय शिल्पीपरंपरेला, हा वाद जुना आहे. ई. बी. हॅवेल याने विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीयत्वाची बाजू आग्रहाने मांडली. तिच्यामुळे पाथरवट व कारागीर यांच्या कर्तृत्वाकडे लक्ष वेधले गेले. पण तैमूरी वास्तुकल्पांचे महत्त्व मात्र त्यात नाकारले गेले. मुळात तैमूरी कलाही एकजिनसी नव्हती. तैमूरच्या समरकंद येथील मशिदीवर हिंदुस्थानातून नेलेले पाथरवट राबले होते. बाबरने याच मशिदीवरील दोनशे पाथरवटांशी तुलना करून आपल्या आग्र्यातील कामांवर रोज ६८० पाथरवट असल्याचे अभिमानाने लिहिले आहे. शाहजहानने तैमूरचा वारस म्हणून ‘साहिब-इ-किरान-इ-सानी’ ही पदवी मिरविली. पण पूर्वजांच्या भूमीकडे वळलेली बाल्खची मोहीम (१६४६-४७) अपयशी ठरली. ती भूमी मोगलांना परत मिळाली नाही. तिच्यातील रचनातत्त्वे मात्र भारतीय दगड, पाणी व कारागिरी यांच्या आधारे नव्या रूपात सिद्ध झाली. म्हणून मोगल कलेची थोरवी तिच्या उगमावरून न ठरविता तिने त्या वारशात घडविलेल्या परिवर्तनावरून ठरविणे अधिक न्याय्य ठरते.